कचऱ्याचे शास्त्र आणि वस्तीचे आरोग्य : प्रस्तावना

सकाळी घंटागाडी येते, बादली रिकामी होते आणि बहुतेकांच्या लेखी विषय तिथे संपतो. आपल्या अभ्यासाला सुरुवात होते ती तिथूनच. त्या बादलीतल्या कोणत्या पदार्थाचे पुढे काय झाले? तो निवडताना कोणाचे हात कापले, कोणाच्या विहिरीचे पाणी बिघडले, आणि त्यातले किती मुळात घरात यायलाच नको होते? हे सगळे प्रश्न एकत्र विचारणाऱ्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, नगरपरिषदांतील कर्मचाऱ्यांचे आणि आपल्या सोसायटीत किंवा वाडीत काही करू पाहणाऱ्या नागरिकांचे मनापासून स्वागत.

अस्वच्छता आणि रोग यांचे नाते महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि पुढच्या वर्षी पुणे त्याने हादरले. धान्याची गोदामे, कोंदट चाळी आणि उंदरांचा सुळसुळाट एकाच जागी होता. रोग फैलावायला आणखी काही लागले नाही. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने डोके वर काढले. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू पुराच्या पाण्यात मिसळले आणि पायांवरच्या लहानसहान जखमांतून शरीरात शिरले. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तर फेकलेला टायर, करवंटी किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात साठलेले थोडेसे पाणीही पुरते. म्हणून आरोग्याचा विचार दवाखान्याच्या कितीतरी आधी, कचराकुंडीपाशी सुरू व्हायला हवा.

या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा सिद्धान्त साधा आहे : कचरा घातक होतो तो मुख्यतः मिसळल्यामुळे. भाजीची देठे, शिळे अन्न, पालापाचोळा वेगळा राहिला तर त्याचे खत होते. कागद, काच, पत्रा कोरडा राहिला तर त्याला भंगारात भाव मिळतो. दोन्ही एकत्र आले की खतात काचा येतात, कागद भिजतो आणि सगळेच कचरा डेपोकडे निघते. तिथे ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. कुजण्यातून मिथेन तयार होतो. तो वातावरणाची उष्णता वाढवतो आणि पेटतोही. मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर इतका पसरला की आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी आपल्या विहिरींसाठी दिलेला लढा याच पाण्याविरुद्ध होता.

त्याच ओल्या कचऱ्याला हवा आणि योग्य ओलावा मिळाला की जिवाणूंच्या कामामुळे ढीग आतून तापतो. तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकले की बहुतेक रोगजंतू मरतात. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची ‘नाडेप’ पद्धत याच तत्त्वावर उभी आहे : विटांच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवलेली टाकी, तिच्यात पालापाचोळा, शेणकाला आणि मातीचे थर, आणि तीन-चार महिन्यांत थोड्या शेणातून भरपूर खत. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई आणि खत यांची सांगड घातली. आपल्या मातीत रुजलेली ही ज्ञानपरंपरा अभ्यासक्रमात सन्मानाने यायला हवी.

दुसरी ज्ञानपरंपरा कचरावेचकांची आहे. प्लॅस्टिकचा तुकडा हातात घेताच तो कोणत्या जातीचा, कोणत्या भावाचा हे त्यांना कळते. शहरांत पुनर्वापराची साखळी त्यांच्याच श्रमावर चालते. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर वाकून वेचण्याऐवजी घराच्या दारातून वेगळा केलेला कचरा हाती येणे, हा बदल उत्पन्नाचा आहे, प्रतिष्ठेचा आहे आणि फुप्फुसांचाही आहे. त्यांच्याकडून शिकल्याशिवाय या विषयातले कोणतेही नियोजन पुरे होणार नाही.

कायद्याने यातले बरेच मान्य केले आहे. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर घनकचऱ्याविषयीचे २००० चे नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण कचरा निर्माण करणाऱ्यावर बंधनकारक केले. तरीही कठीण प्रश्न शिल्लक आहेत. वेफरच्या पाकिटाचे एकमेकांना चिकटलेले थर सुटे करणे अवघड आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर आजही उघड्या हातांनी वेगळे केले जातात. प्लॅस्टिक उघड्यावर जाळले की विषारी वायू वस्तीतच राहतात. या वस्तूंच्या प्रश्नाचे उत्तर वर्गीकरणात मिळणार नाही. त्या कशा बनतात आणि किती वापरल्या जातात इथेच बदल करावा लागेल. म्हणून कचरा कमी करणे हे या शास्त्राचे पहिले प्रकरण आहे, विल्हेवाट शेवटचे.

नव्या अभ्यासकाने सूक्ष्मजीवशास्त्र वाचावे, अर्थशास्त्र वाचावे, नियमावल्याही वाचाव्यात. त्याबरोबर एका आळीचा आठवडाभराचा कचरा स्वतः वजन करून पाहावा, वर्गीकरण शेडमध्ये बसून हातमोजे घालून निवडावा, आणि डेपोशेजारच्या गावात जाऊन लोकांचे ऐकावे. शहराने टाकलेले ओझे नेहमी कमी बळ असलेल्या माणसाच्या दारात जाऊन पडते. त्याच्या हवेचा आणि पाण्याचा हक्क आपल्या स्वयंपाकघरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्यांशी थेट जोडलेला आहे, हे सप्रमाण दाखवणे आणि त्यानुसार व्यवस्था बदलून घेणे, हेच या क्षेत्राचे काम आहे. त्या कामाला अजून पुष्कळ हात हवे आहेत.