दुर्गम भागातील न्यायाधीन बंदी, त्यांचे कुटुंबीय आणि विधी साहाय्य : सूरजागड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना चांदा येथील कारागृहात फाशी देण्यात आली. आजच्या चंद्रपूर कारागृहाच्या परिसरातील त्या पिंपळापाशी गोंड समाज आजही अभिवादनासाठी एकत्र येतो. वीरपुरुषाच्या वाट्याला आलेले हे स्मरण त्यानंतरच्या सामान्य बंद्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचा इतिहास वकीलपत्रे, जामीनअर्ज आणि मुलाखतीच्या नोंदवह्या यांतच विखुरलेला राहिला. या कागदांमागे वकिलांबरोबर कनिष्ठ सहकारी, विधी व समाजकार्याचे विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांचेही श्रम असतात. सूरजागड परिसराच्या संदर्भात या श्रमांचे स्थान तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रदेशाची पार्श्वभूमी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. माडिया गोंड समाजाच्या दृष्टीने हे ठाकूरदेवाचे स्थान असून जानेवारी महिन्यात तेथे यात्रा भरते. याच डोंगरातील लोहखनिजासाठी २००७ मध्ये खाणपट्टा मंजूर झाला. २५ डिसेंबर २०१६ रोजी माओवाद्यांनी खनिज वाहतुकीची ७६ वाहने जाळल्याचा गुन्हा नोंदविण्यात आला. खाण, सशस्त्र संघर्ष आणि पोलीस कारवाई यांच्या कचाट्यात सापडलेल्या या भागात अटक आणि तारीख हे शब्द घरोघरी परिचयाचे झाले.

सूरजागडहून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. येथील न्यायाधीन बंद्यांना चंद्रपूर किंवा नागपूर येथील कारागृहांत ठेवले जाई. मुलाखतीसाठी नागपूरला जाणे म्हणजे कुटुंबाची किमान दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. घरची भाषा माडिया, न्यायालयाची मराठी आणि उच्च न्यायालयाची इंग्रजी. त्यामुळे कोणत्या कलमाखाली आरोप आहे हेही पुष्कळ कुटुंबांस ठाऊक नसे.

कायद्याची वाटचाल

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ समाविष्ट करून मोफत विधी साहाय्याचे तत्त्व स्वीकारले. १९७८ च्या हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने बंद्यास निकालपत्राची प्रत व अपिलासाठी वकील मिळणे आवश्यक ठरविले. १९७९ च्या हुसेनआरा खातून प्रकरणाने न्यायाधीन बंद्यांची दीर्घ कोठडी देशापुढे आणली, तर १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईतील स्त्रीबंद्यांच्या संरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

वनप्रदेशाच्या दृष्टीने १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निकाल विशेष महत्त्वाचा आहे. एका गवंड्याचा जामीनदार केवळ त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला गेला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी ही प्रथा गरिबांवर अन्याय करणारी ठरविली. तथापि सातबारा नावावर नसलेल्या कुटुंबास ऐपतीचा दाखला व जामीनदार मिळविणे दुष्करच राहिले. जामीन मंजूर होऊनही बंदी आत राहतो तो बहुधा या टप्प्यावर. कायद्याने वकील दिला, परंतु कोठडीतून पाड्यापर्यंत निरोप व पाड्यावरून न्यायालयापर्यंत कागद नेणारा माणूस दिला नाही.

स्वयंसेवक आणि प्रशिक्षणार्थी

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न प्रथम शहरांत झाले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० मध्ये ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य प्रकल्प सुरू केला. समाजकार्यकर्त्याने बंद्याला भेटावे, त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा, वकिलाकडे पाठपुरावा करावा आणि सुटकेनंतर पुनर्वसनास हातभार लावावा, अशी ही पद्धती होय. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी किमान २० आठवड्यांचे प्रशिक्षण अनिवार्य केले. २००९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने विधी स्वयंसेवकांची योजना आणली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या ‘फेअर ट्रायल’ उपक्रमात २०१९ पासून नागपूर व येरवडा कारागृहांत तरुण वकील आणि समाजकार्य पदवीधर यांनी एकत्र काम केले.

सूरजागडच्या पूर्वेस, राज्याच्या सीमेपलीकडे, जगदलपूर येथे २०१३ मध्ये तरुण महिला वकिलांनी विधी साहाय्य गट स्थापन करून बस्तरमधील आदिवासी बंद्यांचे खटले चालविले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राहते घर रिकामे करावे लागल्याने त्यांना शहर सोडावे लागले. या कामाची किंमत करणाऱ्यालाही मोजावी लागते, याचे हे उदाहरण होय. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचे उदाहरण अधिक तीव्र आहे. आदिवासी व दलित बंद्यांचे खटले चालविणारे गडलिंग यांना ६ जून २०१८ रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. पुढे सूरजागड जाळपोळ प्रकरणातही त्यांना आरोपी करण्यात आले व ३१ जानेवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचा जामीनअर्ज फेटाळला. आरोपांचा निर्णय न्यायालयाच्या अधिकारातील आहे; मात्र ज्यांची वकीलपत्रे त्यांच्याकडे होती त्या कुटुंबांना पुन्हा वकील शोधणे भाग पडले.

विलंबाचे मूल्य

प्रा. जी. एन. साईबाबा व इतरांच्या खटल्यात ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. आरोपींत एटापल्ली तालुक्यातील तरुणही होते. त्यांपैकी एकाचा ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर येथे बंदिवासात असताना आजाराने मृत्यू झाला. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठविले. आणि ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांना निर्दोष ठरविले. मृत तरुणाच्या कुटुंबाच्या हाती मुलाऐवजी निकालपत्र आले, तेही त्यांच्या भाषेत नसलेले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, विधी साहाय्याचा हक्क गेल्या अर्धशतकात कागदोपत्री विस्तारत गेला. दुर्गम भागात मात्र त्याचे फळ मधल्या दुव्यावर अवलंबून राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या बंद्यास, मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश कालावधीनंतर सुटकेची तरतूद आहे. हे दिवस मोजून अर्ज पुढे सरकविणारे कोणी नसेल तर तीही तरतूद पुस्तकातच राहील. एटापल्ली, भामरागड व अहेरी येथील महाविद्यालयांत माडिया बोलणारे विद्यार्थी आहेत. त्यांना विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षित करून त्यांच्या प्रवासखर्चाची व सुरक्षिततेची हमी दिल्यास पाडा आणि न्यायालय यांतील अंतर कमी होऊ शकेल. आपला माणूस कोणत्या कारागृहात आहे, त्याची पुढील तारीख कोणती आणि कोणता दाखला लागेल, हे त्याच्या आईला तिच्या भाषेत कळणे ही न्यायाची पहिली पायरी होय.