कृपेचें कोडें आणि पंडिता रमाबाई

मनुष्याचें तारण त्याच्या पुण्यकर्मांनीं होत नसून केवळ देवाच्या कृपेनें, विश्वासाच्या द्वारें होतें, ही ख्रिस्ती धर्माची मुख्य शिकवण होय. ती ऐकतांच विचारी मनुष्यास शंका येते. कृपा जर विनामूल्य, तर सेवेचे कष्ट कशाला? आणि येशूनें शिष्यांस आपापला क्रूस उचलून मागें येण्यास कां सांगावें? या कोड्याशीं पंडिता रमाबाई अनेक वर्षें झगडत होत्या.

लहानपणीं त्या आईबापांसह तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत हिंडल्या. व्रतें व दानधर्म यांत घरचें द्रव्य सरलें आणि दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईबाप व थोरली बहीण निवर्तलीं. पुढें १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. १८८३ मध्यें त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें कन्या मनोरमेसह त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्य, ख्रिस्ताचें ईश्वरत्व, पाद्र्यांचा अधिकार यांविषयीं त्यांचे प्रश्न थांबेनात. मनास पटल्यावांचून मान तुकविणें त्यांस मान्य नव्हतें. मठांतील भगिनी जेराल्डिन यांच्याशीं या विषयांवर झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला आहे.

१८८९ मध्यें मुंबईस शारदासदन उघडल्यावरहि हें असमाधान सरलें नव्हतें. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांस उमगलें, कीं आपणांस ख्रिस्ताचा धर्म सांपडला, ख्रिस्त मात्र सांपडला नाहीं. १९०७ मध्यें लिहिलेल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं हें स्वतः सांगितलें आहे. व्रतवैकल्यांच्या जागीं नवे नियम आले होते. आपली योग्यता सिद्ध करण्याची धडपड तीच होती. ती सोडून पापी म्हणून रिक्त हस्तें देवापुढें उभें राहणें, हाच त्यांस विश्वासाचा अर्थ वाटला.

या विश्वासाची किंमत लवकरच द्यावी लागली. शारदासदन तोंवर पुण्यास आलें होतें. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, अशी ओरड झाली. धर्माबाबत तटस्थ राहण्याचें वचन मोडलें, असें पालकांचें म्हणणें. कोणास बोलावीत नाहीं, पण दारहि लावून घेणार नाहीं, असें रमाबाईंचें. १८९३ मध्यें रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि अनेक मुली घरीं गेल्या. पालकांचा रोष निष्कारण नव्हता. रमाबाईंचा निश्चयहि ढळला नाहीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. भुकेची ओळख त्यांस बालपणापासूनच होती. उपाशी, निराधार मुली त्यांनीं शेंकड्यांनीं आणल्या आणि केडगांवीं 'मुक्ति' उभी राहिली. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठीं तेथें वेगळें घर झालें. त्याचें नांव 'कृपासदन'. पुण्याच्या हिशेबांत ज्यांच्या नांवें कांहींच जमा नव्हतें, त्यांना तेथें दार उघडें होतें. हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठींत बायबल उतरविण्याचें कामहि त्यांनीं तेथेंच केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या.

सेवेनें कृपा विकत मिळते, असें त्यांनीं मानलें नाहीं. ज्याचें ऋण फिटलें, तो मोकळ्या हातांनीं दुसऱ्यास उचलूं शकतो. रमाबाईंच्या लेखीं शिष्यत्व तें हेंच.