कागद होता, पण योग्य टेबलावर नव्हता

कारगिल म्हटलं की आपल्याला टायगर हिल आठवतं, तोलोलिंग आठवतं. आज एका कागदाबद्दल बोलूया.

जून १९९८. नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल इंटेलिजन्स ब्युरोने एक टिपण पाठवलं. ते पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांपर्यंत गेलं. पण रॉ, लष्करी गुप्तचर विभाग आणि संयुक्त गुप्तचर समिती, म्हणजे ज्यांनी ते इतर माहितीशी ताडून बघायचं, त्यांना ते पाठवलंच नव्हतं! हे माझं मत नाही, के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल आढावा समितीने लिहून ठेवलंय. पुढे मे १९९९ मध्ये घुसखोरांची खबर दिली ती मेंढपाळांनी.

गुप्तचर विश्लेषक म्हणजे सिनेमातला हेर नव्हे. त्याचं काम टेबलावरचं. खबर कुणी दिली, तो माणूस आधी खरा ठरलाय का, दुसरीकडून दुजोरा मिळतो का, हे तपासायचं आणि तुकडे जुळवायचे. पण निम्मे तुकडे दुसऱ्या खात्याच्या कपाटात असतील, तर तो जुळवणार काय?

म्हणून २००१ मध्ये मल्टी एजन्सी सेंटर आलं. सगळ्यांनी माहिती एकत्र आणायची. तरी २६/११ झालंच. समुद्रातून हल्ला होईल, ताज लक्ष्य आहे, असे इशारे आधी येऊन गेले होते. १६६ जीव गेले. मुंबईची टेहळणी करणारा हेडली दाऊद गिलानी हे नाव बदलून, अमेरिकन पासपोर्टवर वारंवार येत होता. हल्ल्यानंतरही, मार्च २००९ मध्ये तो भारतात येऊन गेला!

व्हिसा, प्रवास, हॉटेल, फोन यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी. नाव बदललं तरी माणूस एकच आहे हे दाखवेल, जुनी नोंद मिनिटात काढून देईल, असं तंत्रज्ञान विश्लेषकाला हवं. नॅटग्रिडची कल्पना त्यातूनच पुढे आली. अर्थात त्यात तुमच्याआमच्याही नोंदी येतात, म्हणून कुणी काय उघडून पाहिलं याचीही नोंद राहायलाच हवी.

आणि यंत्र कितीही भारी आणलं, तरी "माझी फाईल मी का देऊ?" ही खात्याची सवय ते मोडणार नाही. ती वरून आदेश देऊन, जाब विचारूनच मोडावी लागते.

पुढच्या वेळी 'गुप्तचर यंत्रणा अपयशी' ही हेडलाईन वाचाल, तेव्हा एवढंच विचारा: माहिती नव्हती, की होती आणि पोचली नाही?