व्हॅनिलाची शेंग कुणाची?

व्हॅनिलाची वेल मूळची मेक्सिकोची. स्पॅनिश लोकांमुळे तिच्या शेंगा सोळाव्या शतकात युरोपात पोचल्या, पुढे वेलीही गेल्या. काचघरांत त्या वाढल्या, फुलल्याही. शेंग मात्र धरेना. खोट फुलाच्या घडणीतच होती. परागांची गोळी आणि तिच्या खालची चिकट कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा आडवा येतो. पराग कुक्षीवर पोचले की परागण झालं. परागनलिका आत वाढत बीजांडापर्यंत गेल्या की पुढे फलन. इथे पहिलीच पायरी अडलेली. मेक्सिकोत रानमाश्या हे काम करतात (नेमक्या कोणत्या, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे), पण त्याही थोड्याच फुलांचं. शिवाय फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं.

ही अडचण सोडवल्याचा मान पुष्कळदा शार्ल मोरेन यांना दिला जातो. त्यांनी १८३६ मध्ये बेल्जियमच्या लिएझ शहरात हाताने परागण करून शेंगा धरवल्या, ही गोष्ट खरीच आहे. तरी आज मळ्यांत चालणाऱ्या रीतीचं जन्मसाल १८४१ धरावं, असं माझं मत आहे. त्या वर्षी हिंदी महासागरातल्या फ्रेंच रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ती शोधली. बांबूची बारीक काडी घेऊन फुलाची पाकळी बाजूला करायची, काडीने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागांची गोळी कुक्षीवर दाबायची. काम क्षणाचं. साधलं तर कोमेजलेलं फूल देठाला धरून राहतं, फसलं तर लवकरच गळतं. मोरेन यांच्या प्रयोगाने हे शक्य आहे एवढं सिद्ध झालं; एडमंडच्या युक्तीने मजुराला भराभर करता येईल असं काम हाती आलं. ती मळ्यामळ्यांत पसरली, पुढे मादागास्करला गेली, आणि जगातली सर्वाधिक व्हॅनिला तिथे आजही अशीच हाताने फळवली जाते.

पोराच्या हातून योगायोगाने जमलं असेल, अशी शंका कुणी घेईल. पण मालक बेलिये-बोमाँ यांनी त्याला वेलवर्गीय फळांच्या नर-मादी फुलांचं हाताने परागण आधीच शिकवलं होतं. पराग कुठून कुठे जायला हवेत, हे त्याला ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रिशार यांचा दावा याहून वजनदार: आपणच बेटावर येऊन ही रीत शिकवली, असं ते म्हणत. मग त्यांच्या या शिकवणीनंतरही बेटावर कुणालाच शेंगा का धरवता आल्या नाहीत? बेलिये-बोमाँ यांच्याकडची वेल तर वीसेक वर्षं वांझच होती. त्यांनी लेखी साक्ष दिली, ती एडमंडच्या बाजूने. स्वतः मालक असून शोधाचं श्रेय गुलामाला देणाऱ्या माणसाचा यात स्वार्थ काय असेल, हे मला तरी दिसत नाही.

१८४८ मध्ये गुलामगिरी उठली आणि त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं. चोरीच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला, त्याच्या वतीने झालेल्या अर्जामुळे मुदतीआधी सुटला. व्हॅनिलाने बेटाची भरभराट केली. एडमंड १८८० मध्ये दारिद्र्यातच वारला.