तुळशी पाईप रोडवरचं नाव आणि गिरण्यांची वीज

पहाटे दादरच्या फूल मार्केटला गेलात की ज्या रस्त्यावर झेंडूच्या पाट्या उतरतात, त्याचं कागदावरचं नाव सेनापती बापट मार्ग. आपण मात्र अजून तुळशी पाईप रोडच म्हणतो. बापटांना 'सेनापती' ही पदवी कशामुळे मिळाली, विचारा कोणाला. "स्वातंत्र्यसैनिक होते ना," एवढंच उत्तर येतं. खरं उत्तर याच रस्त्याकडेच्या गिरण्यांशी जोडलेलं आहे. पोस्ट थोडी लांब आहे, सांभाळून घ्या.

हल्ली अक्षय ऊर्जेची चर्चा जोरात आहे. महापालिकेच्या २०२२ च्या हवामान आराखड्यात २०५० पर्यंत 'नेट झिरो'चं उद्दिष्ट आहे. जणू मुंबई हे पहिल्यांदाच करतेय! अहो, शंभर वर्षांपूर्वी हे होऊन गेलंय.

तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. कोळसा पार बंगालहून यायचा, धूर मात्र आपल्या चाळींत. जमशेटजी टाटांची कल्पना अशी की सह्याद्रीवरचा पाऊस अडवायचा, घाटाखाली सोडायचा आणि त्यावर वीज करायची. ते १९०४ ला गेले. १९११ ला लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली. १९१५ पासून खोपोलीची वीज सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून गिरणगावात येऊ लागली. पाणी पडायचं जवळजवळ पाचशे मीटरवरून! १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. एवढ्या मोठ्या शहराचे कारखाने पाण्याच्या विजेवर, तेही त्या काळात. अभिमान वाटावा असंच आहे.

पण भिऱ्याला पाणी कुठलं? मुळशीचं. तिथे पन्नासेक गावं आणि भाताची खाचरं बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, शेवटी तर सात वर्षांची शिक्षा झाली. 'सेनापती' ही पदवी तिथली. इकडे पुण्यातले सावकार आणि जमीनमालक नुकसानभरपाईवर राजी झाले. कसणारे कोरडे राहिले, लढा मोडला, धरण झालं.

म्हणजे ज्या विजेविरुद्ध माणूस लढला, त्या विजेवर चाललेल्या गिरण्यांच्या रस्त्याला आपण त्याचं नाव दिलं. हे कोणाच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे.

पुढे शहराची भूक वाढली, १९५६ ला ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं आणि आपण परत इंधनावर गेलो. गिरण्याही गेल्या. भिरा अजून चालू आहे. मुळशीचं पाणी मुळेतून भीमेकडे जायचं, ते आता कोकणात उतरतं. दुष्काळ पडला की हे पाणी परत पूर्वेला वळवा, अशी मागणी आजही होते.

आता सौर आणि पवन ऊर्जेची पाळी. पॅनेल धुळ्याच्या माळावर, पवनचक्क्या साताऱ्याच्या पठारावर, दिवे आपल्याकडे. परत तोच हिशेब. आपल्या गच्च्यांचं काय? 'सूर्यघर' योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पण दादरमधल्या पागडीच्या इमारतीत गच्ची मालकाची, बिल भाडेकरूंचं, आणि शेजारच्या टॉवरची सावली दुपारी तीनलाच येते. आमच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. "रिडेव्हलपमेंट होऊ दे, मग बघू," म्हणाले. गेली अकरा वर्षं रिडेव्हलपमेंट होतेय.

तुमच्या इमारतीत कोणी लावलंय का? खर्च किती आला, मालकाने परवानगी कशी दिली, खाली लिहा. पुढच्या मीटिंगला वाचून दाखवतो.