सातासमुद्रापलीकडची चाकरी

कोकणी माणसाला चाकरी नवी नाही. घरचे भात शिमग्यापर्यंत पुरले तर पुरले. मग घरातला कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी आणि मागे राहिलेली माणसे पोस्टमनची वाट पाहत. गिरण्यांतल्या या चाकरमान्यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. पण त्याच मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची काही माणसे मोरिशसला उसाच्या मळ्यांत गेली. त्यांतली पुष्कळशी तिथेच राहिली. त्यांची पतवंडे-खापरपतवंडे आजही तिथे गणपती बसवतात. त्यांच्यासाठी सरकारने कोणते नियम केले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, ते पाहू.

१८३५ साली मोरिशसात गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना दुसरी माणसे हवी होती, आणि त्यांची नजर आधीच हिंदुस्थानाकडे वळली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. तिथून पुढे पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या एवढ्याशा बेटावर उतरली. मुंबईहून गेलेल्यांचा वाटा त्यांत थोडा होता, पण होता.

आता कायदा पाहा. १८३७ च्या कायद्याने असे ठरवले की, मजूर व एजंट या दोघांनी सरकारी अधिकाऱ्यासमोर उभे राहावे, अटी लेखी असाव्यात, मुदत पाच वर्षांची असावी आणि ती भरल्यावर मजुराला परत बंदरात आणून सोडावे. जहाजात माणशी जागा किती, अन्न काय, बरोबर डॉक्टर हवा, हेही त्यात होते. वाचायला सारे छान! पण फसवणुकीची ओरड एवढी झाली की १८३९ साली ही मजूरभरतीच बंद करावी लागली. मळेवाल्यांचा जोर मोठा. १८४२ च्या कायद्याने मोरिशससाठी दार पुन्हा उघडले, आणि या वेळी कलकत्ता व मद्रासबरोबर मुंबईचेही नाव त्यात होते. पुढे १८८३ च्या कायद्यात भरती करणाऱ्याला परवाना सक्तीचा होता. 'प्रोटेक्टर' म्हणजे संरक्षक नावाचा अधिकारीही नेमलेला असे.

मग अडले कुठे? ज्याला अक्षरओळख नाही, त्याने अंगठा उठवला तो एका शब्दावर: अ‍ॅग्रिमेंट. उत्तरेकडच्या मजुरांच्या तोंडी त्याचेच 'गिरमिट' झाले. पुरुषाला महिना पाच रुपये पगार. एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापायचा. करार मोडला तर दिवाणी दावा नव्हे, थेट तुरुंग! आणि परतीचे फुकट तिकीट, जे वचन होते, ते १८५० च्या दशकात मोरिशसपुरते काढून टाकण्यात आले. नियम होते, पण ते मोडणाऱ्या मळेवाल्याला जाब विचारील असा कोणी मजुराच्या जवळ नव्हता.

हे मर्म कौन्सिलात उघड केले ते आपल्याच जिल्ह्यातल्या, गुहागरजवळच्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १९१० साली नाताळकडे होणारी भरती बंद करण्याचा त्यांचा ठराव मंजूर झाला. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांनी ही पद्धतच मुळापासून काढून टाकण्याचा ठराव मांडला. त्यांचा एक मुद्दा शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा: संरक्षक म्हणून नेमलेला अधिकारी मळेवाल्यांच्याच वर्गातला असेल, तर मजुराने दाद मागायची कोणाकडे? सरकारी मतांनी तो ठराव पडला. भरती थांबली ती १९१७ साली, गोखले गेल्यावर दोन वर्षांनी.

१९२२ च्या कायद्याने अकुशल मजुरांना परदेशी नेण्यावर कडक बंधने घातली. पण तो कायदा मळ्यांचा काळ डोळ्यांसमोर ठेवून केलेला. १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा आला आणि आपल्या किनाऱ्यावरची पोरे दुबई, कुवेत, सौदीकडे निघाली, तेव्हा तो अपुरा पडला. म्हणून १९८३ चा कायदा आला. त्याने एजंटाला नोंदणी व अनामत सक्तीची केली, पण बिनपरवाना भरती करणाऱ्याला शिक्षा ठेवली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. गावोगाव फिरणारा दलाल एकेका पोराकडून याच्या कितीतरी पट उकळतो.

फिलिपाइन्सची गोष्ट इथे ताडून पाहण्याजोगी आहे. तिथल्या सरकारने १९७४ पासूनच परदेशी भरतीत लक्ष घातले. १९९५ च्या त्यांच्या कायद्यात एक कलम मला फार मोलाचे वाटते: परदेशातल्या मालकाने पगार बुडवला, तर मायदेशातला एजंटही त्याच्याइतकाच जबाबदार. म्हणजे मजुराने परक्या देशात कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. ज्याने पाठवले, त्याचीच मानगूट घरी धरता येते. १९१२ साली गोखल्यांनी विचारलेल्या प्रश्नाला हे निदान अर्धे उत्तर आहे.

आपल्याकडच्या व्यवस्थेत एक गंमतही झाली. संरक्षकाच्या कचेरीतून मंजुरी घ्यायची ती दहावी न झालेल्याने, तीही ठरावीक देशांसाठीच. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. शिकलेला माणूस आपला करार आपण वाचील, असे कायद्याने गृहीत धरले. आपल्या शाळांतून दहावी होऊन आखातात जाणाऱ्या मुलाच्या हातातला करार मात्र इंग्रजीत किंवा अरबीत असतो, आणि जाण्याआधी तो कोणी पाहायचा, तर गावात शिक्षकाखेरीज दुसरे कोण आहे?