धमनी बंद, घड्याळ सुरू

घटनेआधी : हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातली एक स्नायूपेशी. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी व्यापलेला. त्या कधीच एका मापात राहत नाहीत. चार्ल्स हॅकेनब्रॉक यांनी १९६६ मध्ये उंदराच्या यकृतातल्या तंतुकणिकांत हे दाखवले: एडीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा-चलन असलेल्या एटीपीचा कच्चा माल, भरपूर मिळाला, ऊर्जानिर्मिती जोरात सुरू झाली, की आतला गर आकसून दाट होतो, एडीपी संपला की पुन्हा पसरतो. ही फुगवण निरोगी. तिला परतीची वाट असते.

०:०० : गुठळीने करोनरी धमनी बंद.

पहिले मिनिट : उरलासुरला ऑक्सिजन सेकंदांत संपतो. त्या भागाचे आकुंचन जवळजवळ थांबते.

१० मिनिटे : एटीपी निम्म्यावर. एटीपी घडवणारे यंत्रच उलटे फिरू लागते आणि आतल्या पटलावरचा विद्युतदाब टिकवायला साठा खाऊ लागते. बाहेर माणूस छाती चोळत म्हणतो, ‘पित्त झालं असेल.’ तळमळून सांगावेसे वाटते: आत्ता निघा. आत्ता रक्त परतले तर जवळजवळ प्रत्येक पेशी वाचेल.

४० मिनिटे : एटीपी दहा टक्क्यांच्या आसपास. तंतुकणिका फुगलेल्या, गर विरळ, पटलाच्या घड्या विस्कटलेल्या. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिले, की एवढ्या वेळात धोक्यातला सुमारे ३८ टक्के स्नायू मरतो, आणि मरण आतल्या थराकडून बाहेर सरकते. माणसात हे गणित मागेपुढे होते, दिशा तीच.

९० मिनिटे : अँजिओप्लास्टी. धमनी उघडली. सुटकेच्या या क्षणातच दुसरा घाव दडलेला असतो. साचलेले सक्सिनेट हे इंधन एकदम जळते, मुक्त मूलकांचा लोंढा उठतो, कॅल्शियम तंतुकणिकेत घुसते. इतका वेळ पेशीतल्या आम्लतेने आतल्या पटलातले एक छिद्र मिटवून धरले होते. ती आम्लता काही मिनिटांत धुतली जाते. छिद्र उघडते. दीड हजार डाल्टनपर्यंतचे रेणू आत-बाहेर होतात, मागोमाग पाणी शिरते. घड्यांचे आतले पटल ताणून घेते, बाहेरचे फाटते. विद्युतदाब शून्यावर येतो, एटीपी बनणे बंद. या फुगवणीला परतीची वाट नाही.

सायक्लोस्पोरिन हे औषध छिद्र उघडू देत नाही. २००८ मध्ये ५८ रुग्णांच्या छोट्या चाचणीत त्याने मोठी आशा दाखवली, २०१५ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. धमनी उघडण्याला मात्र आजही पर्याय नाही. ती उघडली नाही तर जवळजवळ सगळाच भाग जातो.

३ तास : धमनी अजून बंदच असेल तर, कुत्र्यांवरच्या त्याच प्रयोगांनुसार, धोक्यातला ५७ टक्के स्नायू गेलेला.

६ तास : ७१ टक्के. बाहेरच्या थरातल्या काही पेशी अजून जिवंत आहेत.